जेवणाच्या वेळचं कीर्तन

रताळं अर्धं सोलून झालं होतं तेव्हा फोन थरथरायला लागला आणि थांबेचना. दोन दिवस तो मेल्यासारखा पडून होता. हॉटेलच्या वायफायवर आपलं व्हॉट्सॲप चालत नाही हे मला कुणी सांगितलं नव्हतं. शुक्रवारी चीनमध्ये उतरल्यापासून मी समजून चालले होते की तिकडे आयर्लंडात, नासच्या आमच्या घरात, सगळं शांत आहे. आज रविवार, एकादशी, दुपारचे चार. हॉटेलसमोर रेल्वे स्टेशनचा चौक, चौकात एका बाईची तीनचाकी, तीनचाकीवर पिंप आणि पिंपात भाजलेली रताळी. नासमध्ये उपासाला काय खायचं याचा दर पंधरा दिवसांनी विचार करावा लागतो, आणि इथं एवढ्या परमुलखात माझा फराळ रस्त्यावर माझी वाट बघत उभा होता. देवाची कृपा म्हणून मी हात जोडले, तर ती बाईही मान लववून हसली. मग सहज म्हणून आयरिश सिमचं रोमिंग चालू केलं आणि एकशे सेहेचाळीस निरोप एकदम अंगावर आले. शेवटचा तिथल्या मराठी मंडळाच्या ग्रुपवरचा होता. आजच्या कार्यक्रमाचं वेळापत्रक, केशरी रंगात, कोपऱ्यात मोराचं पीस. अकराला दीपप्रज्वलन. सव्वाअकराला मुलांचे नाच. सव्वाबाराला फॅशन शो. आणि मग, सव्वा ते दोन, भोजन. त्याखाली बारीक अक्षरात : सोबत लाइव्ह संगीत, देवदत्तकाका.

देवदत्तकाका म्हणजे आप्पा, माझे वडील. आणि ते लाइव्ह संगीत म्हणजे त्यांचं कीर्तन.

मी तीनदा वाचलं. खाली एकतीस अंगठे होते, त्यातला एक पियूषचा, माझ्या नवऱ्याचा. रताळ्याची वाफ बोटांना भाजत होती आणि मला ते खाली ठेवता येत नव्हतं, कारण ठेवायला जागा नव्हती; चारी बाजूंनी लोक चाकांच्या बॅगा ओढत स्टेशनात शिरत होते, भोंग्यातून एक बाई शांत आवाजात गाड्यांची नावं सांगत होती, आणि मी त्या गर्दीच्या मधोमध उभी राहून मनातल्या मनात तीनशे माणसांच्या कागदी ताटल्या बघत होते. मिसळीचा रस्सा. 'दादा, पाव कुठेयत?' आणि त्याच्यावर आप्पांचा आवाज. आमच्याकडे मिरजेला देवळात कीर्तन असलं की आरती होईपर्यंत कुणाच्या तोंडात शेंगदाणाही जात नसे. मी सात वर्षांची असताना पदराआडून गुळाचा खडा चघळला होता, तर आईनं तो तोंडातून काढून घेतला आणि समोर आप्पा बोलतच होते, पण त्यांची नजर माझ्यावरून एकदा फिरून गेली. रागावलेली नव्हती. तरी तो गूळ मला अजून गोड लागत नाही. ते स्वतः सकाळपासून उपाशी उभे राहत, अडीच अडीच तास, आणि शेवटी प्रसादाचा कण तोंडात घालून पाणी पीत, तेव्हा त्यांच्या गळ्याची घाटी खालीवर झालेली मी बघत बसे. त्या माणसाला जेवणाच्या रांगेला गायला लावणार होते. लग्नातल्या सनईसारखं. सनईवाल्याला निदान नंतर नारळ तरी देतात.

हॉटेल चार मिनिटांवर आहे. ना बरं ना वाईट, सात मजली, कामासाठी येणाऱ्या माणसांचं. आमच्या कंपनीच्या सिरिंजांची टोपणं इथल्या एका कारखान्यात होतात, ती तपासायला मला यावं लागतं. खोलीत शिरलं की कार्ड भिंतीतल्या खाचेत घालायचं, मग दिवे लागतात. न्हाणीघराला भिंतीऐवजी काच आहे, का ते देव जाणे. खिडकी चार बोटं उघडते आणि तेवढ्यातून स्टेशनची ती शांत बाई आत येत राहते. दोन दिवस मला हे सगळं आवडलं होतं. आता काचेचा राग आला, खिडकीचा आला, गादीवर सुरकुती नाही याचा आला. मी पियूषला फोन लावला.

"अगं, आलीस का लाइनवर?" तो म्हणाला. मागे कुकरची शिट्टी. "किती फोन केले मी. आहेस ना ठीक?"

"ते वेळापत्रक बघितलंस?"

"कुठलं? हां, ते. बघितलं की. ग्रँड आहे."

"जेवताना कीर्तन आहे, पियूष."

"हो. म्हणजे, प्रतापदादा म्हणाला तेव्हा सगळे असतात हॉलमध्ये." माझा राग त्याला चौदा वर्षांत फोनवरूनही ओळखता यायला लागला आहे. "हे बघ, आप्पांना काही प्रॉब्लेम नाहीये. मी विचारलं त्यांना."

"आप्पांना कशाचाच प्रॉब्लेम नसतो. त्यांना विचारायचं नसतं, आपल्याला कळायला पाहिजे. फोन दे त्यांना."

"आंघोळीला गेलेत." मग दुसरीकडे तोंड करून, "ईशानी, आजोबा झाले का?" आणि लांबून माझ्या अकरा वर्षांच्या मुलीचा आवाज, आमच्या किल्डेअर जिल्ह्याच्या हेलात, "ही'ज ग्रँड, डॅड, ही'ज सिंगिंग इन देअर."

सगळं ग्रँड. त्या देशात माणूस मेला तरी ग्रँडच असतो.

प्रतापदादाला फोन लावताना मी उभी होते. तो मंडळाचा अध्यक्ष, नागपूरचा, बँकेत सॉफ्टवेअरवाला, मनानं चांगला माणूस. चांगल्या माणसांचा राग जास्त येतो, कारण तो पुरता काढता येत नाही. मी म्हटलं, दादा, माझे वडील पंगतीला गाणारे नाहीत.

"ज्ञानदा, तू काय बोलून राहिली आहेस? अगं ऐक तर. हॉल चारपर्यंत आपला. तो 'युअर मॅन', हॉलचा किल्लीवाला, चारला एक मिनिट वर होऊ देत नाही. जेवणानंतर ठेवलं तर माणसं घरी जातात, मागच्या वर्षी त्या व्याख्यानाला सोळा जण होते, मी मोजले, त्यात माझी बायको आणि सासू. जेवताना तीनशे माणसं समोर बसलेली असतात. सर्वांत जास्त पब्लिक मी काकांना दिलं."

"पब्लिक?"

"बरं, श्रोते."

"तोंडात पाव असलेले."

"उपासवाल्यांना साबुदाणा आहे वेगळा," तो म्हणाला. त्याला खरंच वाटलं की मी त्याबद्दल बोलते आहे. "काकांशी माझं बोलणं झालंय, तू उगा टेन्शन नको घेऊ." आणि तिथं तो काहीतरी आणखी म्हणणार होता, मला ते ऐकू आलं, श्वास घेतल्यासारखं, पण मी तोवर सुरू झाले होते. नाचाला एक तास, साड्या नेसून चालायला एक तास, आणि ज्याच्या आयुष्याची पन्नास वर्षं यात गेली त्याला वाढप्यांच्या मागची जागा. तुम्हाला कीर्तन नको होतं तर नाही म्हणायचं, मी फेब्रुवारीपासून विचारते आहे. मी फोन ठेवला आणि ग्रुपवर लिहिलं. मराठीत, शुद्ध, परिच्छेद पाडून. दोनशे चाळीस माणसांसमोर. लिहिताना बरं वाटत होतं, कुठंतरी खोल गार वाटत होतं, जसं उन्हातून येऊन माठात हात घातल्यावर वाटतं. शेवटचं वाक्य असं होतं : आपल्याला देवाचं नाव चटणीसारखं तोंडी लावायला हवं असेल तर माझ्या वडिलांना बोलावू नका.

मग मी बसून राहिले. खोलीतला फोन वाजला, रेकॉर्ड केलेला आवाज काहीतरी म्हणाला, दार उघडलं तर बाहेर खोल्यांत सामान पोचवणारं, चाकांवरचं, कमरेएवढं यंत्र उभं, त्याचं झाकण उघडलेलं, आत पाण्याच्या दोन बाटल्या. सकाळी मागितल्या होत्या. बाटल्या घेऊनही ते जाईना. आपण झाकण लावायची वाट बघत ते उभं राहतं, हे मला उशिरा कळलं. मी त्याच्यावर मराठीत खेकसले, ते निळा दिवा लावून माझ्याकडे बघत राहिलं, आणि शेजारच्या खोलीतल्या म्हाताऱ्या गृहस्थांनी येऊन सावकाश झाकण बंद केलं, मला मान लववली आणि आत गेले. इतकी लाज वाटली. पण लाजेनं राग जात नाही, तो नुसता बाजूला सरकून बसतो.

गेल्या मार्गशीर्षात मी मिरजेला होते. देवळात आप्पांचं कीर्तन. पूर्वरंग नेहमीसारखा झाला, मध्ये हार झाला, बुक्का झाला, उत्तररंगाला आख्यान लागलं आणि कथा ऐन भरात असताना ते थांबले. हात वर होता तो वरच राहिला. गंधार, त्यांचा पेटीवाला, गेली वीस वर्षं बरोबर आहे. त्यानं एका श्वासात नामाचा गजर उचलला, टाळकऱ्यांनी धरला, सगळं देऊळ उभं राहून गजर करायला लागलं आणि त्यात ती जागा झाकली गेली. गजर हा त्यासाठीच असतो असं वाटावं इतकी छान झाकली गेली. पण गजर ओसरल्यावरही आप्पांना पुढचं आठवलं नाही. त्यांनी आरती घेतली. नंतर देवळाच्या पायरीवर बसून, चपला शोधणाऱ्या माणसासारखं इकडेतिकडे बघत, त्यांनी मला विचारलं, "मी कुठवर आलो होतो गं?" मी सांगितलं. ते म्हणाले, "व्हय की," आणि दुसऱ्या दिवशी चिपळ्या ट्रंकेत गेल्या. डॉक्टरांनी वयाचं सांगितलं, गोळ्या दिल्या. कुणी बोलवायला आलं तर म्हणायचे, घसा बरा नाही. मला ते सहन झालं नाही. शेवटचं म्हणून ते थांबलेलं कीर्तन राहू नये, एवढंच मला हवं होतं. एक पुरं व्हावं, नमनापासून आरतीपर्यंत, मग खुशाल चिपळ्या ट्रंकेत जाऊ देत. म्हणून मी त्यांना आयर्लंडला आणलं. ते येत्या गुरुवारी परत जाणार, आणि पुन्हा उभे राहणार नाहीत हे त्यांनी डब्लिनच्या विमानतळावरून येतानाच गाडीत सांगितलं होतं. "तू म्हणतीस म्हणून एक," ते म्हणाले होते, खिडकीबाहेरच्या मेंढ्यांकडे बघत. ते एक कागदी ताटल्यांत सांडणार होतं, आणि मी इथं टोपणं मोजायला आले होते.

सव्वापाचला, म्हणजे तिकडच्या सव्वादहाला, नवं वेळापत्रक आलं. नाच अर्ध्या तासात, फॅशन शो जेवणाच्या वेळी. बारा ते सव्वा : हरिकीर्तन, ह.भ.प. देवदत्तबुवा. कृपया या वेळेत हॉलमध्ये शांतता राखावी, खाद्यपदार्थ आणू नयेत, मुलांना आवरावे. खाली हात जोडलेली चित्रं, 'ज्ञानदाताई, अगदी बरोबर बोललात', 'आपली संस्कृती आहे ही'. मी जिंकले होते. मी अंथरुणावर आडवी झाले आणि छताकडे बघून हसले, आणि मग उरलेलं गार रताळं साल काढून अख्खं खाल्लं. देवानं राग दिला आहे तो कशासाठी, असं मला वाटलं. चूल पेटती ठेवायलाच.

पावणेसातला प्रतापदादाचा फोन आला. त्याच्या मागे खुर्च्या सरकवल्याचा आवाज होता. तो हळू बोलत होता.

"ज्ञानदा, तुला सांगू नको म्हणाले होते काका. पण आता सांगतो, नाहीतर मला झोप येणार नाही. जेवणाची वेळ त्यांनीच मागितली."

"काय?"

"मी त्यांना बाराचीच दिली होती. पंधरा दिवसांपूर्वी ते माझ्या घरी आले, बसनं, एकटे. म्हणाले, प्रतापराव, मला जेवताना द्या. लोक खात असले म्हणजे बोलणाऱ्याकडे फार कुणी बघत नाही. मध्येच थांबलो तर लोकांना वाटेल, बुवा पाणी प्यायला थांबले." खुर्च्यांचा आवाज मागे पडला, तो बाहेर गेला असावा. "मी म्हटलं ज्ञानदा रागवेल. ते म्हणाले, रागवू दे, तिला कळवू नका."

"मग तू मला सकाळी का नाही—"

"तू बोलू कुठं दिलंस?"

मी म्हटलं, परत बदल. तो म्हणाला, आता कसं, लोक सतरंज्यांवर येऊन बसले, तुझी पोस्ट वाचून डब्लिनहून चार कुटुंबं जास्तीची आलीत, जेवण डब्लिनहून येतंय ते एक वाजल्याशिवाय येत नाही. मुलांना पहिल्या रांगेत बसवलंय. कुणी हूं की चूं करत नाही. "तू पाहिजे होतीस गं," तो म्हणाला. त्यात टोमणा नव्हता, हे सगळ्यात वाईट. मी फोन धरून त्या काचेसमोर उभी राहिले, काचेत मी होते आणि माझ्या आरपार न्हाणीघरातला पांढरा टॉवेल, आणि मला तो फोन काचेवर फेकून मारायचा होता. कुणावर रागवू? आप्पांवर. मला का नाही सांगितलंत? मी काय परकी होते? एक पंच्याहत्तर वर्षांचा माणूस किल्डेअरमध्ये बस बदलून बदलून एका अनोळखी माणसाच्या घरी जातो, मला शाल आणायला जातो म्हणून सांगतो, आणि आपली लाज झाकायला मिसळीचा आवाज मागून घेतो. आणि मी त्याच्याभोवतीचा तेवढाही आवाज काढून टाकते. माझ्या शुद्ध मराठीत. परिच्छेद पाडून.

बरोबर सातला पियूषनं व्हिडिओ लावला आणि फोन ईशानीच्या हातात दिला. हॉलचं स्टेज, मागे कुठल्यातरी शाळेच्या नाटकाचा निळा पडदा, त्यावर चिकटवलेले चांदीचे तारे. आप्पा उभे होते. उपरणं, पगडी, गळ्यात वीणा. पेटीला तनय होता, तिकडं एम.एस. करणारा, यूट्यूबवर पेटी शिकलेला, समोर वही उघडून. आप्पांनी नमन उचललं आणि मी आपोआप पलंगावरून उतरून खाली बसले, कार्पेटवर. आवाज पहिल्यापेक्षा बारीक झाला होता पण सुरात होता. पूर्वरंग त्यांनी आवरता घेतला, पण सोडला नाही. तीनशे माणसं इतकी शांत होती की फोनमध्ये ईशानीचा श्वास ऐकू येत होता. मग आख्यान. त्यांचं स्वतःचं, कृष्णेकाठच्या राणोजी नावाड्याचं. एकादशीला सगळं गाव पलीकडच्या देवळात जातं, राणोजी दिवसभर माणसं उतरवतो, नाव सोडून जाता येत नाही म्हणून स्वतः कधी देव बघितलेला नाही. दिवस मावळता एक म्हातारी येते, मला ने म्हणते. राणोजी दमलेला, उपाशी. तो तिला नावेत घेतो आणि वल्ही मारता मारता तिला बोल बोल बोलतो. आप्पा इथं नेहमी बहार करतात. "म्हातारे, दिवसभर काय गोवऱ्या थापत होतीस काय? देव काय तुझी वाट बघत जागा बसलाय?" हॉल हसला. मोठ्यांदा, मनापासून हसला. लहान मुलंही हसली. नाव नदीच्या मध्यावर आली. आप्पांचा हात वर गेला, वल्ह्यासारखा.

आणि तिथंच राहिला.

मी मोजत नव्हते, पण माझं शरीर मोजत होतं. तनय वहीत बघत होता. पान उलटलं, परत उलटलं. गजर, गजर उचल रे, मी म्हणाले, मोठ्यानं म्हणाले, पण तिकडं माझा आवाज बंद करून ठेवला होता. तीनशे माणसांतल्या एकालाही ठाऊक नव्हतं की अशा वेळी आपण काय करायचं असतं. आप्पांचे डोळे मी बघितले. पायरीवरचे डोळे.

मग मागच्या रांगेत कुणीतरी टाळ्या वाजवल्या. दुसऱ्यानं वाजवल्या. मग सगळ्यांनी, उभं राहून, शिट्टी एक. त्यांना वाटलं संपलं. त्यांना वाटलं कथा इथंच संपते, हात वर, नाव पाण्यात, चित्र तिथंच धरायचं आणि सोडायचं, नाटकात करतात तसं. कीर्तनात टाळ्या. माझ्या अंगावर शहारा आला. प्रतापदादा धावत माइककडे आला, त्याचा चेहरा पांढरा पडला होता, म्हणाला, "काका, काय बोलू, शब्द नाहीत. मंडळी, आरतीला उभे राहा." आप्पांनी हात खाली घेतला. आरती झाली.

दहा मिनिटांनी त्यांनीच फोन केला, ईशानीच्या मदतीनं. मागे कोट टांगलेले होते, बहुतेक हॉलच्या बाहेरचा बोळ. पगडी काढून मांडीवर ठेवली होती.

"बघितलंस?" ते म्हणाले.

"आप्पा, मला का सांगितलं नाहीत?"

"काय सांगायचं त्यात? आणि तू काय केलं असतंस? भांडलीच असतीस की कुणाशीतरी." ते हसले. "लोकांना वाटलं संपलं. बरं झालं. मिरजेत नसतं वाटलं. एक बाई तर म्हणाली, शेवट फार मॉडर्न केलात काका."

मला हसू आलं नाही. माझ्या डोक्यात अजून सगळं पेटलेलं होतं, त्या टाळ्या, ती शिट्टी, त्यांचं ते बसनं जाणं, आणि मी. सगळ्यात जास्त मी. म्हटलं, "अडाणी आहेत सगळे."

"असू देत. त्यांच्या अडाणीपणावर आज माझी वेळ निभावली." मग आवाज उतरवून म्हणाले, "पण नाव मधेच राहिली गं. नदीत. ते बरं नाही. आख्यान अर्धं टाकू नये. पुढचं तुला येतंय काय?"

"येतं."

"मग कर की पुरं."

"इथं? हॉटेलात?"

"मी ऐकतोय. बसून नको सांगू."

मी उभी राहिले. पायात हॉटेलच्या कागदी सपाता होत्या, त्या काढल्या. मला सांगता येत नव्हतं, आणि जे आलं ते रागाच्या आवाजात आलं, त्यांच्यावरच्या, माझ्यावरच्या. "म्हातारे," मी म्हटलं, "दिवस घालवलास आणि आता उठलीस. नाव काठाला लागत नाही, पुढं चिखल आहे, माझ्या कमरेत जोर नाही, आणि तू बसलीस मुकाट. बस. बस पाठीवर. पडलीस तर मला सांगू नकोस." आणि कुरकुरत, शिव्या देत राणोजीनं तिला पाठीवर घेतलं, गुडघाभर चिखलातून देवळाच्या पायरीशी नेऊन उतरवलं, आणि मागं न बघता नावेकडं परत आला. सकाळी पुजाऱ्यानं दार उघडलं तर देवाच्या दोन्ही पायांना गुडघ्यापर्यंत ओला चिखल.

तिकडं आप्पांनी डोळे मिटले होते. मला वाटलं झोपले. हॉलमधून ताटल्यांचा आवाज येत होता.

"असंच," ते म्हणाले. "तिथं आवाज असाच लागतो. मी उगीच इतकी वर्षं गोड करून सांगत होतो."